दाराबाहेर गेलं की मटण

आमच्या वेनफर्डच्या मठात मांस खात नसत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या मठाचा स्वयंपाकी मी होतो आणि आठवड्याला दोन-तीन मेंढ्या तरी माझ्या सुरीखालून जायच्या.

मग त्या मेंढ्या खायचं कोण? बुवाच खायचे. फक्त त्यांच्या पुढ्यात येईपर्यंत ते मांस राहिलेलं नसायचं. ही करामत आमच्या भांडाऱ्याची, ब्रदर फुल्कची. मठ बांधणाऱ्यानं नियम घालून ठेवला होता की जेवणाच्या दालनात मांस येता कामा नये. पिढ्यान् पिढ्या बुवांनी त्या नियमापुढे मान तुकवली आणि वाटाणे खाल्ले. फुल्कनं मान तुकवली नाही, डोकं चालवलं. मांस म्हणजे काय? तर जनावरापासून कापून पहिल्यांदा आगीवर चढवतात ते. तेच एकदा भाजलं, गार केलं, बारीक चिरलं आणि मसाल्याच्या रश्शात पुन्हा शिजवलं, की ते मांस उरत नाही, मांसापासून केलेला पदार्थ होतो. आणि पदार्थाला नियमात मनाई कुठे आहे? हा शोध त्याच्या एकट्याचा नव्हे, दुसऱ्या मठांतही चालतो म्हणे. पण तिथले लोक निदान बुधवार, शुक्रवार, शनिवार आणि नाताळाआधीचे उपास तरी पाळतात. फुल्कनं तेवढीही लाज ठेवली नाही. मांसच नाही म्हटल्यावर उपासाला का चालू नये?

एकदा मी मुद्दाम विचारलं, "महाराज, कांदा मी मेंढीच्या चरबीत परततो. चरबीचं काय करायचं?"

"चरबी वितळते," तो शांतपणे म्हणाला. "वितळतं ते मांस नव्हे, थर्स्टन."

हा माणूस पोप कसा झाला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तर मंगळवारी दुपारी मी मागच्या तंगड्या सळईवर चढवायचो. पुरत्या भाजायच्या नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी चामडं होतं. वरून रंग आला, आतून गुलाबी राहिलं, की उतरवायच्या आणि फडक्याखाली ठेवायच्या. रात्रभरात त्या मांसाचं पाप उतरत असे. बुधवारी सकाळी हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, चरबीत कांदा परतायचा, त्यावर तुकडे, त्यावर निम्मी वाइन आणि निम्मं हाडांचं पाणी. शिळ्या पावाची कवचं काढून पाव शिरक्यात भिजत घालायचा आणि फडक्यातून गाळून रश्शात सोडायचा, म्हणजे रस्सा चमच्याला धरतो. मग फुल्क यायचा, कमरेची किल्ली काढून मसाल्याची पेटी उघडायचा आणि माझ्या तळहातावर सुंठ, दालचिनी, मिरी, लवंग, जायपत्री ठेवायचा. लवंगा तो मोजायचा, आणि मी खलबत्त्यात घालून कुटेपर्यंत हलायचा नाही. देवाच्या घरात राहून माणसावर इतका अविश्वास! शेवटी मनुका, मीठ आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या केशराच्या काड्या. जिभेवर आधी आंबट लागतं, मग गोड, आणि घास खाली गेल्यावर सुंठ घशात बसते. खोटं कशाला बोलू, माझ्यासारखं ते पार लिंकन शहरापर्यंत कोणाला जमत नव्हतं.

आणि खाणारे कसले? गाढवाला गुळाची चव काय! जेवताना बोलायचं नाही असा त्यांचा नियम, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांवर. पाव हवा असेल तर बोटांनी गोल करायचा, दूध हवं तर करंगळी ओढायची. मांसाची खूण होती, पण ती करणार कशी? मांस तर नव्हतंच. म्हणून त्यांनी माझ्या कालवणासाठी माशाची खूण धरली. मेंढीच्या मागच्या पायाचा रस्सा पुन्हा वाढून घ्यायला सगळी पंगत माशाच्या शेपटीसारखे हात हलवत बसलेली मी दाराच्या फटीतून कितीदा तरी पाहिली आहे.

आता माझ्या सासूबद्दल. गुनिल्ड तिचं नाव. म्हातारी, छातीत सदा घरघर, तोंडात चार-दोन दात, आणि ते नसले तरी चालेल इतकी जीभ धारदार. तिचा नवरा हॅमंड गवताची छपरं शाकारायचा. मठाचं धान्याचं कोठार शाकारताना तो वरून पडला आणि तिथल्या तिथे गेला. मठानं मोठ्या मनानं त्याच्या विधवेला जन्मभर रोज एक वाडगं लावून दिलं, पंगतीत उरेल त्याचं. वाढायचे काय, तर वाटाण्याचं पाणी आणि बुवांनी चावून सोडलेल्या पावाच्या कडा. ते घ्यायला ती दररोज लाकडी वाडगं घेऊन मठाच्या दारात उभी राहायची, आणि आत तिचा जावई केशर भिजवत असायचा.

मला ते बरं दिसत नव्हतं. गाव काय म्हणेल! मी तिला दहादा म्हटलं, "आई, आमच्याकडे जेवत जा. तुमची लेक आहे, नात आहे."

"नको, जावईबापू," ती म्हणायची. "ज्यांच्या छपरानं माझा माणूस खाल्ला, त्यांचं मी खाणार. तुमचं कशाला खाऊ? तुम्ही माझं काय खाल्लंय, एका पोरीशिवाय?"

माझ्या धंद्याबद्दल तिचं मत तर विचारूच नका. छपरं शाकारणं हे तिच्या लेखी काम होतं, कारण त्यात माणूस मरू शकतो. स्वयंपाकात कोण मरतं? खाणारे मेले तर मेले. "ढोंग्यांचा आचारी," असं ती मला चारचौघांत म्हणायची, आणि माझी बायको अमिस खाली मान घालून हसायची.

नाताळाच्या उपासातला तो बुधवार. आदल्या दिवशी मठात कुणी सरदार मुक्कामाला होता, त्याच्यासोबत बुवांनी इतकं चापलं होतं की बुधवारी चार-पाच जण पोट धरून अंथरुणातच होते. त्यामुळे कधी नव्हे ते माझं कालवण उरलं. द्वारपालानं न बघताच पळी बुडवली आणि गुनिल्डचं वाडगं काठोकाठ भरून दिलं. ती ते पदराखाली झाकून घरी घेऊन गेली आणि चुलीवर ठेवलं.

तिच्या झोपडीवरून त्याच वेळी पिगॉट चालला होता. हा चर्चच्या कोर्टाचा शिपाई. कोण कोणाच्या अंथरुणात शिरलं, रविवारी कोणी नांगर धरला, शुक्रवारी कोणाच्या चुलीवर काय होतं, हे हुंगत फिरणं हीच त्याची पोटाची विद्या. सापडलेल्या माणसानं एखादी कोंबडी दिली की त्याचं नाक लगेच चोंदायचं. म्हातारीच्या गवती झोपडीतून लवंगेचा वास आल्यावर तो जागच्या जागी थांबला. दार ढकलून आत गेला, वाडग्यात बोट घातलं आणि चोखलं.

"मटण!" तो ओरडला. "बुधवारी! उपासात!"

"अजून एक बोट घाल," गुनिल्ड म्हणाली. "शंका राहायला नको."

कोंबडी तिच्याकडे नव्हती, आणि असती तरी तिनं दिली नसती. पिगॉटनं तिला शनिवारच्या कोर्टाचं बोलावणं लावलं.

मला हे कळलं तेव्हा माझा पहिला राग तिच्यावरच आला. इतकी वर्षं वाटाण्याचं पाणी प्यायली, आणि एकदा मटण मिळालं तर दार लावून खायची अक्कल नको? पण अमिसनं घरात रडून आकांत मांडला. या गुन्ह्याची शिक्षा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन चर्चभोवती तीन फेऱ्या, आणि प्रत्येक कोपऱ्यावर डीनच्या, म्हणजे चर्चच्या कोर्टाच्या न्यायाधीशाच्या, छडीचा फटका. मागच्या हिवाळ्यात ऑस्बर्ट विणकराला असंच फिरवलं होतं. तो गडी माझ्या सासूपेक्षा कितीतरी धट्टाकट्टा. आठवड्याच्या आत छाती भरून गेला.

"आईला या थंडीत फिरवलं तर ती घरी परत यायची नाही," अमिस म्हणाली. "काहीही करा, पण तिला सोडवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुल्क स्वतः स्वयंपाकघरात आला. किल्ली हातात, पण पेटीकडे गेला नाही.

"डीन तुला साक्षीला बोलावणार," तो म्हणाला. "हंडीत मांस होतं का, एवढंच विचारील. तू सांगायचंस, नव्हतं. मांस नव्हतं म्हणजे तुझ्या सासूचा गुन्हा नाही. म्हातारी सुटली, मठाचं नावही राहिलं."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"मी खरंच तर सांगायला सांगतोय," तो म्हणाला. जाता जाता दारात थांबला. "तू राहतोस ते घर मठाचं आहे, थर्स्टन. यंदा थंडी फार पडेल असं दिसतंय."

मला राग यायला हवा होता. पण माझा जीव भांड्यात पडला. सासू सुटत होती, घर राहत होतं, आणि त्यासाठी मला फुल्कचीच पोपटपंची म्हणायची होती. सुंठेवाचून खोकला गेला, असं मी अमिसला सांगितलं.

आमच्याकडे मठाचं आणि गावाचं चर्च एकच. पुढची बाजू बुवांची, मागची गावाची, मध्ये लाकडी जाळी. डीन मागच्या बाजूला शेगडी घेऊन कोर्ट मांडायचा. बारीक चणीचा, नाकाला सर्दी असलेला माणूस. मठावर त्याची सत्ता चालत नसे, मठ थेट पोपच्या हाताखाली. त्यामुळे बुवांच्या वाइनचा वास त्याला यायचा, पण घोटही मिळायचा नाही, आणि दंडही ठोकता यायचा नाही. फुल्कला त्यानं शेजारी खुर्ची दिली, पण शेगडी स्वतःकडे ओढून घेतली.

पिगॉटनं आपली कामगिरी सांगितली. बोट घालून चाखल्याचंही अभिमानानं सांगितलं.

"म्हणजे यानंही खाल्लं," गुनिल्ड म्हणाली. "निम्मे फटके त्याला द्या. माझं वाडगं निम्मं त्यानंच चाटलं."

लोक हसले. डीननं नाक पुसलं आणि मला पुढं बोलावलं.

"त्या हंडीत मांस होतं का?"

"नव्हतं, महाराज," मी म्हटलं.

"मग काय होतं?"

"कालवण होतं."

"कशाचं?"

मी फुल्ककडे पाहिलं. तो उभा राहिला आणि दोनदा शिजण्याची आपली सगळी विद्या त्यानं भरल्या चर्चमध्ये सांगितली. पहिल्या आगीनं काय होतं, सुरीनं काय होतं, दुसऱ्या आगीनं काय होतं. गावातले लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. मागून खाटीक रॅन्युल्फ म्हणाला, "म्हणजे मी तंगडी आज भाजून ठेवली आणि शुक्रवारी परत रटरटवली, तर चालेल होय, महाराज?"

फुल्कचं तोंड एकदम मिटलं. सगळं गाव शुक्रवारी दोनदा शिजवलेली मेंढी खातंय, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. मग मठात आणि गावात फरक तो काय राहिला?

"नाही," तो म्हणाला. "ही सवलत नियमाखाली राहणाऱ्यांची आहे. मठाच्या भिंतीच्या आत ते मांस नव्हे."

"आणि बाहेर?" डीननं विचारलं. सर्दीतही त्याचा आवाज खुलला होता.

"बाहेर," फुल्क अडखळला, "बाहेर गेलं की ते सामान्य माणसाच्या नियमाखाली येतं."

"म्हणजे दाराबाहेर गेलं की मटण."

"तसं म्हणायला हरकत नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तेच वाडगं, तीच पळी. आत असताना पदार्थ, आणि उंबरठा ओलांडताच त्याला खूर फुटले. घर वाचवायला मी खोटं बोललो होतो, आणि सासू सुटण्याऐवजी आणखी अडकली होती. त्या क्षणी मला फुल्कइतकं हलकं माणूस जगात दुसरं दिसत नव्हतं, आणि त्याच्या खालोखाल मी.

पण डीनला म्हातारीला मारायची हौस नव्हती. थंडी होती, त्याला घरी जायचं होतं. तो पुढं वाकला.

"हे बघ, आजी. मठातून मिळालेलं वाडगं. तुला कसं कळणार आत काय आहे? मांस आहे हे माहीत नव्हतं, असं म्हण. अजाणता घडलं म्हणजे दोन प्रार्थना म्हटल्या की झालं. घरी जा."

फुल्क 'हो म्हण' अशी जोरजोरानं मान हलवू लागला. अमिस हात जोडून आईकडे बघत होती. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, म्हणा हो. एका वाक्यानं सुटताय."

गुनिल्डनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटाण्याच्या पाण्याकडेही तिनं कधी तसं पाहिलं नसेल.

"दात नाहीत मला," ती डीनला म्हणाली. "जीभ आहे. मटण होतं. मेंढीचं, मागच्या पायाचं, आधी भाजलेलं. लवंग होती, दालचिनी होती, सुंठ होती. कळलं मला पहिल्या घासाला, आणि कळून मी वाडगं पुसून खाल्लं. मी येडी ठरले की हे सगळे साधू ठरतात, असंच ना? मी नाही ठरत येडी."

"आई!" अमिस ओरडली.

"तू गप. नवरा मेला तेव्हासुद्धा यांनी मला सांगितलं, त्यानं शिडी नीट लावली नव्हती म्हण. तेव्हा म्हटलं मी. आता नाही."

डीननं शेगडीतले निखारे उकरले. मग त्यानं शिक्षा सांगितली, रविवारी प्रार्थनेच्या वेळी, तीन फेऱ्या. आणि प्रत्येक कोपऱ्यावर पापाचा मोठ्यानं उच्चार करायचा.

"'मांस खाल्लं' एवढं म्हटलं की पुरे होईल," फुल्क घाईनं म्हणाला.

"छे," डीन म्हणाला. "अर्धा उच्चार केला तर अर्धं पाप शिल्लक राहतं. काय खाल्लं, कधी खाल्लं, कुठलं खाल्लं, सगळं आलं पाहिजे. नाहीतर ती फेरी मोजली जाणार नाही." नाक पुसताना त्याच्या रुमालाआड मला हसू दिसलं. मठाला दंड करता येत नाही ना, मग म्हातारीच्या तोंडून करू! त्याच्या त्या हुशारीचे फटके कोणाच्या पाठीवर पडणार, हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, आमच्याकडे तर संन्याशांना सोडून म्हातारीला!

रविवारी सकाळी जमीन दगडासारखी गोठली होती. सगळं गाव जमलं होतं, शेजारच्या दोन गावांतूनही लोक आले होते. दुसऱ्याची फजिती बघायला थंडी कोणाला वाजत नाही. गुनिल्ड सदऱ्यावर बाहेर आली. तिचे पाय म्हणजे नुसत्या काटक्या. हातात मेणबत्ती, मागं डीन छडी घेऊन, बाजूला पिगॉट. आत बुवांचं गायन सुरू झालं.

पहिल्या कोपऱ्यावर ती थांबली.

"मी गुनिल्ड, हॅमंड शाकाऱ्याची विधवा. नाताळाच्या उपासात, बुधवारी, मेंढीचं मांस खाल्लं. मठाच्या हंडीतलं, बुवांच्या पंगतीत उरलेलं."

फटका पडला. लोक गप्प होते. दुसऱ्या कोपऱ्यावर कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यावर हशा पिकला, पण तो म्हातारीला नव्हता. आत बुवांनी आवाज चढवला. ते चढवतात हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती कोपऱ्यावर नुसती उभी राहू लागली. बुवांनाही दम लागतोच. ओळ संपून ते श्वास घेतील तेवढ्यात तिचं वाक्य बरोबर खिडक्यांतून आत जायचं. दुसऱ्या फेरीला लोक पुढच्या कोपऱ्यावर आधीच जाऊन उभे राहत होते. रॅन्युल्फ खाटीक म्हणाला, असं प्रवचन त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

मी गर्दीत मागं होतो. मला काहीच गंमत वाटत नव्हती. मला तिचे पाय दिसत होते, ते आता लाल नव्हते, निळे झाले होते. प्रत्येक फटक्याला ती पुढं झुकायची आणि सरळ व्हायला तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा. बघणाऱ्यांच्या हशाची मला किळस आली, आणि मी सर्वांत मागं उभा होतो याची त्याहून जास्त.

तिसऱ्या फेरीत उत्तरेच्या अंगाला वारा समोरून आला आणि तिची मेणबत्ती विझली. तिसऱ्या कोपऱ्यावर तिनं तोंड उघडलं. नुसती घरघर बाहेर आली. ती खोकली, वाकली, पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. आतलं गाणं चांगलं मोठं, भरलेलं, दुपारच्या जेवणाची वाट बघणाऱ्या माणसांचं.

"उच्चार नाही," पिगॉट म्हणाला. "फेरी मोजता येणार नाही. ही फेरी पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून."

अमिसनं माझा दंड धरला. अजून एक फेरी म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. बाजूच्या लहान दारात फुल्क येऊन उभा होता, बाहेर आवाज का थांबला ते बघायला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. तो आनंद बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बुधवारी!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "नाताळाच्या उपासात, मेंढीचं मांस! मठाच्या हंडीतलं! मी रांधलं, थर्स्टननं! कोर्टात मी खोटं बोललो. दर बुधवारी रांधतो, दर शुक्रवारी रांधतो, आणि सगळे बुवा ते बोटं चाटून खातात. या बाईनं त्यांचं उष्टं खाल्लं, एवढाच तिचा गुन्हा!"

आतलं गाणं कुठल्या ओळीवर थांबलं कोण जाणे, पण थांबलं. फुल्कनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, भांडारातल्या पोत्यांकडे बघतो तसं, आणि लहान दार आतून लावून घेतलं. कडी बसल्याचा आवाज आला. त्याच आवाजात माझं घर, माझी चूल, सगळं गेलं.

"तिनं स्वतः म्हणायला हवं," पिगॉट म्हणाला.

"पाप सगळं आलं, तपशिलासह आलं," डीन म्हणाला. "ज्यानं रांधलं त्याच्या तोंडून आलं. फेरी धर." आणि त्यानं फटका मारला. तो मात्र त्यानं सोडला नाही.

मी धावत जाऊन माझी लोकरी बंडी काढली आणि तिच्या खांद्यावर टाकली. ती थरथर कापत होती. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. काहीतरी मायेचं ऐकू येईल, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

"काढ ते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अंगावर लोकर दिसली तर हा कुत्रा फेरी मोजायचा नाही. आणि बाजूला हो. अजून एक कोपरा राहिलाय."